आवक-जावक

मी शाळेच्या ऑफिसात बसते.
आवक-जावकची वही माझी, शिक्का माझा,
आणि एक खिडकी, जिच्या फटीतून
उन्हाळाभर आग्नेयेचा वारा
केप फ्लॅट्सची वाळू टेबलावर आणून ओततो.
डोंगर इथूनही दिसतो :
चपटा, निळा,
दुसऱ्या कुणाचा तरी.

अपोलिस काका आमचे शिपाई, प्लंबर, सुतार.
मे महिन्यात त्यांनी अर्ज दिला :
'मागच्या कुंपणालगतची रॉयक्रान्स तोडायची आहे.
झाड बाहेरून आणलेलं, पाणी फार पितं,
आणि शिंजिराला त्यात प्यायला काही नाही.'
आवक क्रमांक एकशे सतरा.
मुख्याध्यापक म्हणाले, सावली जाईल.
काका म्हणाले, जाईल.

रोपं आली आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून.
एरिका चाळीस. साखरझुडूप म्हणतात ती प्रोटिया, सहा.
आणि बारा 'विल्डे दाखा', म्हणजे रानगांजा.

हे नाव सहावी ब मधल्या एका आईच्या कानावर गेलं.
सोमवारी ती ऑफिसात उभी :
पोरांच्या शाळेत गांजा?
काकांनी वाद घातला नाही.
चार पानं तोडून तोंडात टाकली
आणि तिच्यासमोर चावत उभे राहिले, घड्याळाकडे बघत.
मग म्हणाले, 'बाई, शुद्धीवर आहे अजून.
तोंड तेवढं कडू झालंय.'
बुधवारपासून तिचा मुलगा
बाटलीतून तांदळाचं धुवण आणू लागला.

'डोंगरावर फुलं आहेत,' काका नळ आवळता आवळता म्हणाले,
'समुद्राकाठी आहेत. मधे आपण.
पत्रे, टॅक्सीतळ, भिंती, पुन्हा पत्रे.
काडेपेटीएवढा जीव, उपाशीपोटी किती उडेल?
वाटेत पाणपोई नको?'

मग जरा वेळानं, मला नाही, नळालाच सांगितल्यासारखं :
'सात वर्षांचा होतो. लॉरीत गाद्या,
आईचं शिलाई मशीन, आणि मशीनवर मी.
अंजिराचं झाड तिकडेच राहिलं, डोंगराखाली.
इथे उतरवलं तेव्हा नुसती वाळू.
आई म्हणाली, इथे चिमणीसुद्धा येणार नाही.'
नळ अजून गळत होता.
त्यांनी पुन्हा आवळला.

अठ्ठावन्न रोपांतली एकोणीस जगली.
काही वाऱ्यानं नेली, काही फुटबॉलनं,
एक कुणीतरी उपटून मदर्स डेला घरी नेलं
(ते म्हणे तिथे छान चाललंय).
दुसऱ्या उन्हाळ्यात रानगांजा पुरुषभर वाढला,
दीपमाळेसारखा, मजल्यावर मजला,
प्रत्येक मजल्याला केशरी फुलांचं कडं.
आणि कुणीही आलं नाही.
मुंग्या आल्या. इन्स्पेक्टर आले.
ते म्हणाले, रंगीत आहे.

तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी,
मी फीच्या पावत्या फाडत होते.
खिडकीबाहेर काहीतरी हिरवं चमकलं,
ओली बाटली उन्हात फिरवावी तसं.
छातीवर लाल पट्टा. वाकडी चोच.
चोच फुलात गेली, बाहेर आली,
कपाळाला पिवळी पूड लागली होती.
मी हाक मारायला तोंड उघडलं,
आणि हाक मारली नाही.
काका तिथेच होते,
रिकामी बादली हातात,
बादली खाली ठेवायचीही विसरलेले.

आमच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, बघा :
आवक, दहा चाळीस. शिंजीर, नर, एक.
जावक, दहा एकेचाळीस.
कुणाकडून, या रकान्यात : डोंगर.
कुणाकडे : रिकामं ठेवलंय.
मुख्याध्यापकांनी न वाचताच सही केली.

रॉयक्रान्सच्या बुंध्याला पुन्हा फूट आलीय.
काकांनी आज सकाळीच माझ्याकडे
कोयत्याला धार लावायचे पैसे मागितले.